एकशे शहात्तर ठोके

एकशे शहात्तर हा आकडा सलग नवव्या सकाळी दिसला, तेव्हा तिने हातातला कप खाली ठेवला.

मास्तरांचं मनगटी घड्याळ तिच्या फोनला जोडलेलं होतं, कारण त्यांचा स्वतःचा फोन इतका म्हातारा की तो फक्त वाजायचा. त्यामुळे नवरा कुठे पळतोय आणि त्याचं काळीज किती धडधडतंय, हे तिला स्वयंपाकघरात बसल्याबसल्या दिसायचं. मास्तर हे विसरले असावेत. गणित शिकवणारी माणसं असं काहीतरी विसरतात.

मास्तर घामाघूम होऊन आले.

"अहो, हे कमाल ठोके म्हणजे काय असतं?" तिने सहज विचारल्यासारखं विचारलं.

मास्तरांचा चेहरा खुलला. बायकोने गणित विचारायची सोळा वर्षांतली ही पहिलीच वेळ. "दोनशे वीसमधून वय वजा कर. माझं चव्वेचाळीस. उरले एकशे शहात्तर. हे काळजाचं छप्पर."

"आणि छप्पर फाडलं तर?"

"अगं, हा सरासरीचा आकडा. कुणाचं छप्पर दहा-बारा ठोके वर, कुणाचं खाली. पण नवशिक्याने तिकडे फिरकायचंच नाही. पळताना गप्पा मारता आल्या पाहिजेत. एकशे वीस-पंचवीस, बस."

"तुम्ही नाही ना फिरकत?"

"मी? छे! मी म्हणजे गोगलगाय."

मास्तर आंघोळीला गेले. तिने पुन्हा नकाशा उघडला. नदीकाठाने गोगलगाय खरंच एकशे पंचवीसने सरकत होती. मग पोस्टामागच्या चार मजली इमारतीवर टिंब थांबलं होतं. सहा मिनिटं अंतर शून्य. ठोके एकशे शहात्तर.

ती इमारत तिने पहिल्या दिवशीच ओळखली होती. ती चष्म्याच्या दुकानात कामाला होती आणि तिथल्या निम्म्या बिऱ्हाडांच्या नाकांवर तिनेच चष्मे बसवले होते. दुसऱ्या मजल्यावर शिवणाचा क्लास घेणारी एक बाई राहायची. एकटी. नको तितकी हसरी.

तिने बहिणीला फोन लावला.

"जिने चढत असतील गं," बहीण म्हणाली. "व्यायाम."

"ताई, जिना दीड मिनिटाचा. उरलेली साडेचार मिनिटं काय करतात?"

"नुसते उभे?"

"अंतर शून्य."

"उभ्या माणसाचे एकशे शहात्तर?" बहीण म्हणाली. "एकतर भूत, नाहीतर बाई."

"भुताला कोण रोज भेटायला जातं?"

"माझं ऐक, सरळ तोंडावर विचार."

"मी विचारलं कुठे जाता, तर ते म्हणणार घड्याळ बिघडलंय. मला रंगेहाथ पकडायचेत. सोळा वर्षं, ताई! या माणसाने कधी बसचं तिकीटसुद्धा चुकवलं नाही. आणि आता हे? संसार म्हणजे काय पोरखेळ वाटला? माणसाला काही लाज असते की नाही?"

ती रडली. अगदी मनापासून रडली.

दुसऱ्या दिवशी मास्तर नदीकाठाने वळसा घालत असताना ती गल्लीतून त्या इमारतीत शिरली आणि तिसऱ्या मजल्याच्या कठड्याआड उभी राहिली. इथून शिवणवालीचं दार नीट दिसत होतं. फोनवर टिंब जवळ आलं. खाली बूट वाजले. एकशे अठ्ठेचाळीस. एकशे साठ. कपाळावरचा घाम पुसत मास्तर दुसऱ्या मजल्यावर आले.

आणि शिवणवालीच्या दारावरून सरळ पुढे निघाले.

ती दचकून चार पायऱ्या वर सरकली. मास्तर चढत राहिले. तिने चप्पल हातात घेतली आणि उलट्या पावलांनी चौथा मजला ओलांडून गच्चीच्या जिन्यावर गेली. मागे गच्चीच्या दाराला कुलूप. आता नवऱ्याने परत फिरावं, खाली जावं, त्या शिवणवालीकडे जावं, हवं तर तिच्याकडे जेवावं, असं तिला जीव तोडून वाटलं.

मास्तर चौथ्या मजल्यावर थांबले. डाव्या हाताच्या दारासमोर. बोट घंटीपर्यंत गेलं, परत आलं. पुन्हा गेलं. ते मान खाली घालून उभे राहिले. तिच्या हातातल्या फोनवर आकडा एकशे शहात्तर झाला. मग एकशे ऐंशी.

बोट तिसऱ्यांदा वर जायच्या आत दार आतूनच उघडलं. खांद्यावर टॉवेल टाकलेला एक माणूस दुधाची पिशवी घ्यायला वाकला, दारातल्या घामट परक्या माणसाकडे बघून "कोण पाहिजे?" म्हणाला, आणि तेवढ्यात त्याची नजर वर जिन्याकडे गेली.

"अगं, तू आत्ता कशी?" तो खुशीत म्हणाला. "मास्तर आज लवकर गेले वाटतं शाळेत?"