धनगराचं काय अडलंय?

"महाराज, शिकारीला जाऊ नका. तुमचे बंधू रानात दबा धरून बसलेत."

"थांबा, हैबतीमामा." प्रेरणाबाई उठल्या. शाळा सुटली की त्या भैरवनाथाच्या मंडपात जत्रेच्या नाटकाची तालीम घेत. "किती रागानं बोलताय! धनगराचा राजावर जीव आहे, म्हणून तो सावध करतोय."

हैबतीनं कपाळ पुसलं. नाटकातला धनगर तोच आणि गावातलाही. "जीव कशापायी आसंल, बाई? राजानं त्याचं कुरण काढून घेतलंय की."

"मग सांगतो कशाला?"

हैबतीची नजर पुन्हा रस्त्याकडे गेली. दुपारी डोंगराखाली रस्त्याकडेला बकरी चारताना त्यानं बघितलं आणि ऐकलंही होतं. सरपंचांचा धाकटा भाऊ सिद्धनाथ ग्रामपंचायतीच्या सदस्यांना गाडीत घालून पानशेतला निघाला होता. "उद्या तालुक्याला दादावरच्या अविश्वास ठरावाच्या सह्या द्यायच्या. तवर मोबाईल बंद," असं त्यांना बजावत होता.

"राजानं निम्मंच कुरण घेतलं," हैबती शेवटी म्हणाला. "भाऊ गादीवर आला तर सगळंच जाईल. म्हनून सांगतो."

मंडपात हशा पिकला. राजा झालेले सरपंच कुमारराव सगळ्यांत मोठ्यानं हसले. गेल्या वर्षी डोंगराचं खालचं रान बंगलेवाल्यांना देताना त्यांनीच हैबतीच्या बकऱ्यांचा वाडा हलवला होता.

तालीम मोडली तशी हैबतीनं त्यांना पायरीशी गाठलं. दुपारचं सगळं सांगून टाकलं.

सरपंचांचं हसू विरलं. "मामा, यात तुमचं काय?"

"आत्ता बाईंना सांगितलं तेच. तुमी वरचं रान तरी ठेवलं. सिद्धनाथ तेबी इकनार."

"रानापायी आमा भावाभावांत लावून देताय व्हय?"

"रानापायीच सांगतोय. पर खरं सांगतोय."

सरपंचांनी मोबाईल काढला. भावाला फोन लावून स्पीकर चालू केला. हैबतीनं थांबवायला हात पुढं केला, पण तोवर पलीकडून आवाज आला होता.

"सिद्धू, कुठंयस? हा हैबती काय सांगतोय बघ. म्हणं तू माणसं फोडलीस माझी."

पलीकडं ताटवाट्या वाजत होत्या. मग सिद्धनाथ मनापासून हसला.

"दादा, तुमीबी कुणाचं ऐकता! जेवायला या की पानशेतला. आन् मामांनाबी संगं आना. त्यांच्या रानाचंबी आजच बोलून घेऊ."