चौथ्या मजल्यावरची चादर

इव्हानोने लाइफ जॅकेटचा पट्टा आवळला तशी ओर्नेला कळवळली. सकाळपासून बाळाला पाजलं नव्हतं. छाती दगडासारखी झाली होती.

"सैल कर रे जरा."

"सैल ठेवला आणि बुडालीस, तर आई मला घरात घ्यायची नाही. म्हणेल, सून हरवून आलास, आता नातवाला काय मी पाजू?"

शेजारचं म्हातारं जोडपं हसलं. जेनोआचं बंदर सोडून फार वेळ झाला नव्हता. सगळे प्रवासी नारिंगी जॅकेटं चढवून डेकवर उभे होते, संकटात बोट सोडायच्या कवायतीची शिट्टी व्हायची वाट बघत. कुणी फोटो काढत होतं, कुणाची पोरं जॅकेटं घालून एकमेकांवर आपटत होती. ओर्नेला तेवढी कठडा धरून किनाऱ्याकडे बघत होती.

डोंगराचं एक टोक ओलांडलं की त्यांचं गाव लागणार होतं. समुद्राच्या काठाने उभी असलेली उंच उंच घरं, त्यातल्या पिवळ्या घराचा चौथा मजला. तिथे तिची सासू योलांदा सात महिन्यांच्या तुलियोला घेऊन होती. सकाळी निघताना ओर्नेलाने बाळाच्या मानेखाली हात घातला, तर मान तापलेली.

"दात येतायत, पोरी," सासू म्हणाली होती. "तुझ्या नवऱ्याने दर दाताला मला असंच भाजलंय. लग्नानंतर पहिल्यांदा निघालायत दोघं, जा."

शेवटी ठरलं ते असं. बोट गावासमोरून जायच्या आत, दुपारी डॉक्टर येऊन बघतील. सगळं ठीक असेल तर सज्जात पांढरी चादर. चादर नसेल, तर उद्या नेपल्सला उतरायचं आणि मिळेल त्या गाडीने परत फिरायचं. गावात नवीन काही नव्हतं ते. घरचा माणूस ज्या बोटीवर आहे ती समोरून जाताना बायका चादर हलवायच्या, बोट दिसेनाशी होईपर्यंत.

"फोन लागतो का बघ ना."

"कवायत झाल्याशिवाय रेडिओची खोली उघडत नाहीत. दोनदा जाऊन आलो."

"तिसऱ्यांदा जा."

"अगं, फोन कशाला हवा? आईची चादर म्हणजे आईचा शब्द. बाबा जन्मभर बोटीवर होते, एकदा चुकली नाही ती. आजी गेली त्या दिवशीसुद्धा! आजी आत खाटेवर, मेणबत्त्यासुद्धा लावायच्या होत्या, आणि बाबांची बोट आली समोर. आईने डोळे पुसले, चादर घेतली आणि उभी राहिली सज्जात. बाबा निवांत ब्युनोस आयर्सला गेले. घरी आले तेव्हा कळलं त्यांना."

हे त्याने लग्नाच्या जेवणातही सांगितलं होतं. तेव्हा सगळ्यांबरोबर ओर्नेलाचेही डोळे भरून आले होते. आत्ता तिने मान वळवून त्याच्याकडे बघितलं.

"मग चादर दिसली, तर मी काय समजायचं?"

इव्हानोने ते हसण्यावारी नेलं.

"तू पण ना! दर्यावरच्या माणसाच्या जिवाला घोर लावायचा नाही, एवढंच असतं ते. तेव्हाचं वेगळं. आणि नुसती चादर कशाला, आईच दिसेल की मागे. भर दिवसा खिडक्यादारांच्या झडपा लावून आत बसणारी बाई आहे का ती? धक्क्यावर कोण कुणाबरोबर फिरतंय ते मग गावाला कोण सांगणार? घराबाहेर पडायचं असेल तेव्हाच काय त्या लावेल."

डोंगर मागे सरला. कप्तान त्याच किनाऱ्यावरचा. त्याने बोट जरा आत घेतली आणि भोंगा दिला. त्या आवाजासरशी ओर्नेलाला पान्हा फुटला. जॅकेटच्या आत झगा भिजत गेला. तिने दोन्ही हात छातीवर घट्ट दाबले आणि मजले मोजायला लागली.

"ती बघ!" इव्हानो ओरडला. "ती बघ, पांढरी! सांगत नव्हतो?" तो दोन्ही हात डोक्यावर नेऊन हलवू लागला. शेजारच्या म्हाताऱ्यानेही, कशासाठी ते न कळताच, आपली टोपी हलवली.

ओर्नेलाने इव्हानोच्या गळ्यातली दुर्बीण ओढून डोळ्यांना लावली. तो वाकला, पण हात हलवायचा थांबला नाही.

चादर होती. दोन टोकांनी सज्जाच्या गजांना बांधलेली. धरायला कुणी नव्हतं. मागे हिरव्या झडपा, वरपासून खालपर्यंत लावलेल्या. खालच्या मजल्यावर कुणी बाई खिडकीतून बोटीकडे बघत होती. वरच्या मजल्यावर कुणी कपडे वाळत घालत होतं.

"झडपा लावल्यात," ती म्हणाली.

"काय?"

"झडपा लावल्यात, इव्हानो. ती घरात नाहीये."

त्याने दुर्बीण घेतली. बराच वेळ बघत राहिला. एक हात अजून वरच होता, पण हलत नव्हता. मागे कवायतीची शिट्टी झाली आणि माणसं हसत-ढकलत रांगा करायला लागली.

"वाऱ्याने लागल्या असतील," तो म्हणाला.

ओर्नेलाने दुर्बीण परत घेतली. पिवळ्या भिंतीवर चादर सरळ खाली लोंबत होती. तिचा एक कोपराही हलत नव्हता.