आटलेली बोडी

"मॅडम, बोडीत पाणी आहे का?"

जंगलाच्या नाक्यावर, दांड्याआडून लंब्या पोरानं आतल्या तळ्याचं विचारलं आणि वनरक्षक रंजीताचा चहाचा कप ओठांशीच थांबला. उन्हाळ्याच्या तोंडावर जिथं पाणी, तिथं जनावर. शिकारीही आधी पाणीच विचारतो.

पोरं दोन. लंबा लोकेश आणि चष्मेवाला पियुष. नागपूरचे. पाठीवर ह्या एवढाल्या सॅका. जंगल पायी ओलांडून पलीकडच्या गावात मुक्काम करायचा, असं त्यांचं म्हणणं. रेंज ऑफिसची परवानगी मोबाईलवर होती. कोणती वाट खुली आहे ते नाक्यावर विचारा, असं तिकडूनच सांगून पाठवलेलं.

"आग पेटवाची नाई. प्लास्टिक फेकाचं नाई. उजेड हाये तोवर गावात पोचाचं," रंजीतानं नियम सांगितले.

"हो मॅडम. अन् ते जनावरांचे फोटो काढणारे कॅमेरे कुठं कुठं लावले आहेत?"

"काऊन?"

"नाही, लघवीला बसायचं म्हटलं तर..." पियुष लाजला. "आपला फोटो नको यायला."

रंजीताला हसू आलं नाही. तिनं सॅक उघडायला लावल्या. वर भांडी, दोरी, मॅगीची पाकिटं. तळापर्यंत काही तिनं हात घातला नाही.

"बोडी आटली," ती म्हणाली. "तिकडची वाट बंद. पहाडीवरून जा."

लोकेशनं मोबाईलवरचा नकाशा पुढं धरला. "यात तर बोडी निळी दिसून राह्यली."

"मोबाईललेच इचाराचं होतं तं मले काऊन इचारून राह्यले?"

पोरांनी एकमेकांकडं पाहिलं, सॅक चढवल्या आणि दांड्याखालून निघाले. थोडं पुढं गेल्यावर पियुष म्हणाला, "काहीतरी लपवते बे ही. लाकडं तोडत असतील तिकडं." लोकेशलाही तेच वाटत होतं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, पण इथं चोर कोण, ते कोणालाच ठाऊक नव्हतं.

इकडे नाक्यावर म्हातारा वनमजूर पोचूभाऊ कुरकुरला, "बाई, खरं सांगून टाकाचं होतं. बोडीवर पिल्लांवाली वाघीण हाये म्हनाचं."

"अन् फासे लावनारे शिकारी असले तं? मीच पत्ता देऊ तिचा?"

"अन् नसले तं? उद्या तिनं मानूस धरला, तं तिलेही पिंजराच हाये."

रंजीतानं पोरं गेली त्या वाटेकडं पाहिलं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत. ती पिल्लं तिनं पाहिली होती, मांजराएवढी, आईच्या शेपटीशी झोंबणारी. जीव लागला होता, उगीच कशाला लपवायचं! तिनं चहा सांडून टाकला, काठी उचलली आणि त्यांच्या मागं निघाली.

फाट्यावर पहाडीच्या वाटेला धूळ तशीच होती, एक पाऊल नाही. बुटांचे ठसे गेले होते बोडीकडं.

त्या वाटेवर मोहाची झाडं. या दिवसांत मोहाखालची जागा दिवस वर येईतो झाडून काढल्यासारखी होते. बाया पहाटेच टोपल्या घेऊन येतात, एक फूल मागं ठेवत नाहीत. इथं मात्र जुन्या सुकल्या फुलांवर आजची ताजी पडली होती. पिल्लं झाली तसं गावातलं कोणी इकडं फिरकलं नव्हतं, आणि कोणी बाहेर बोललंही नव्हतं. गावचा माणूस असता तर हे पाहून इथूनच उलटा फिरला असता. बुटांचे ठसे फुलं तुडवत सरळ पुढं गेले होते.

रंजीता ठशांपाशी वाकली. असं मोह तुडवून माणूस दोन कारणांनी पुढं जातो. काहीच माहीत नसतं म्हणून, नाहीतर सगळंच माहीत असतं म्हणून.

ती कोरड्या नाल्यातून आडवी धावली आणि बोडीच्या अलीकडं त्यांच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली.

"मांगं फिरा. हळू. पळू नका."

"काय झालं मॅडम?"

"बोडी भरली हाये. वाघीण हाये तिथी, पिल्लं घेऊन. मी खोटं बोलली तुमाले."

लोकेश हसला. "मघाशी बोडी आटली होती, आता वाघीण आली! आम्ही काय लहान लेकरं आहोत? तिकडं खरं काय चालू आहे, ते सांगा ना."

"अरे मायची आन, खरं बोलून राह्यली!" रंजीताचा आवाज फाटला. एवढं खरं ती आयुष्यात बोलली नसेल, आणि ऐकायला कोणी तयार नाही!

"थांबा तुम्ही," लोकेश म्हणाला आणि त्यानं सॅक पुढं ओढून आत कोपरापर्यंत हात घातला.

रंजीताच्या मागं, बांबूच्या बेटात, सुकी पानं दबली. पियुषनं तिच्या खांद्यावरून पलीकडं पाहिलं आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं.

रंजीता वळली नाही. वाघाकडं पाठ करायची नसते, हे इथल्या शेंबड्या पोरालाही कळतं. पण तिची नजर लोकेशच्या सॅकमधल्या हातावर होती, आणि त्या हातात फास येतो की आणखी काही, हे कळेपर्यंत ती तिथून हलायला तयार नव्हती.