अम्माची कॉफी

"सुचलं का?" साहेबरावाने दारातून मान आत घालून विचारलं आणि चतुराबाईला वाटलं, हातातली कॉफी पेल्यासकट या भावाच्या डोक्यावर ओतावी.

दुपारी बारसं होतं. नऊ वर्षांनी साहेबरावाच्या घरात पाळणा हलणार होता, म्हणून त्याने मावळातल्या गावाहून थोरल्या बहिणीला आणून पिंपरीच्या चाळीतल्या आपल्या खोलीत बसवलं होतं. बसवलं म्हणजे अगदी खुर्चीवर. पोरीच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा, आणि पाळणाही आत्यानेच रचलेला हवा. बहिणीच्या गाण्यांची कीर्ती त्याने कारखान्यातल्या शिफ्टमधल्या माणसांपासून सासुरवाडीपर्यंत सगळ्यांना आधीच ऐकवून ठेवली होती. इकडे त्या बहिणीला काल सकाळपासून एक ओळ सुचत नव्हती.

तिने हातात झाडू घेतला, तर भावाच्या सासूने काढून घेतला. तांदूळ निवडायला बसली, तर सूप उचललं. "तुमी आज मानाच्या. कामाला हात लावायचा न्हाई. नुसतं गाणं करा." नुसतं गाणं करा म्हणे. गाणं काय खुर्चीवर बसून अंडं घातल्यासारखं होतं?

त्यात साहेबरावाने कॉफीचं खूळ काढलं. "आक्का, आमचे ड्रॉइंगचे साहेब कॉफी पोटात गेल्याबिगर पेन्सिल उचलत न्हाईत. प्याले की भराभर नवं मशीन कागदावर. डोकं चालतं त्यानं." शेजारच्या खोलीत एक तमिळ बाई राहायची, सगळी चाळ तिला अम्मा म्हणे. तिच्याकडून सकाळपासून स्टीलचे पेले येत होते. चतुराबाई काढा प्यावा तसं डोळे मिटून एकेक पेला रिचवत होती. छाती धडधडायला लागली, कान तापले, बसल्या जागी पाय हलायला लागले. डोकं होतं तिथेच होतं.

"आणखी एक मागवू का?" साहेबराव म्हणाला.

"माज्यासमोरून हल आदी."

तो हलला. चतुराबाई रडायच्या बेतात होती. तिच्या स्वतःच्या पोटी काही नव्हतं. या पोरीला तरी कुणी न म्हटलेलं, तिचं एकटीचं गाणं द्यायचं, एवढं तिने मनाशी धरलं होतं. नाहीच सुचलं तर चारचौघी म्हणतात तोच पाळणा म्हणायचा, म्हणजे दुसरीचं लुगडं नेसून मिरवायचं. तिने रिकामे पेले गोळा केले आणि ते परत करायचं निमित्त करून ती खोलीबाहेर पडली.

अम्मा जमिनीवर बसून कॉफी दळत होती. पाटाला स्क्रूने आवळलेलं छोटंसं लोखंडी यंत्र, वर बियांचा वाडगा, बाजूला लाकडी मुठीचा दांडा. "पूड खलास," अम्मा हसून म्हणाली, "सगळा तुमच्या पोटात. आता पाव्हण्याला काय द्यायचा?" तेवढ्यात स्टोव्हवरचं दूध वर आलं आणि ती तशीच उठून धावली.

दळण अर्ध्यावर थांबलं. अर्ध्यावर थांबलेलं दळण चतुराबाईला जन्मात कधी बघवलं नव्हतं. ती खाली बसली, एक पाय लांब केला, आणि मूठ धरली.

यंत्र घरघरलं. भाजलेल्या बियांचा वास नाकात गेला. हात एकदा फिरला, दुसऱ्यांदा फिरला, मग त्याचा तोच फिरायला लागला. गावी ती गाणं करायला म्हणून कधी बसलीच नव्हती. पहाटे जात्याचा खुंटा धरायचा, घास टाकायचा, की गाणं आपल्या पायांनी यायचं. भावाच्या घरी पीठ गिरणीतून येत होतं आणि बहीण खुर्चीत बसली होती.

चतुराबाईच्या तोंडून आवाज निघाला, तो तिला स्वतःलाही नंतर कळला.

"भावाच्या घरी माज्या, भोंग्याआदी झाली पहाट,
सुजाता आली बाई, लई बघाया लावली वाट."

अम्मा दुधाचं पातेलं हातात धरून वळली. तिला शब्द कळले नाहीत. दांड्याच्या फेऱ्याबरोबर आवाज चढतो आणि उतरतो, एवढं कळलं. तिने पातेलं खाली ठेवलं, फळीवरचा डबा काढला आणि यंत्राच्या वाडग्यात आणखी बिया ओतल्या.

"दळणापुरती व्हती, आजवर माजी मांडी,
सुजाता निजली तिथं, उजेड बाई सांडी."

चाळीच्या भिंती त्या केवढ्या. पलीकडच्या खोलीतली गडबड थांबली. साहेबराव धावत आला तो दारातच उभा राहिला. पोरीच्या कानात पडायच्या आधी तिचं नाव भिंतीतून त्याच्या कानात पडलं होतं.

"आक्का, नाव फोडलंस की," तो म्हणाला. रागवायचं ठरवून आला होता, पण डोळे भरून आले होते. मग त्याचा चेहरा एकदम फुलला. "पर बघ, मी म्हनलं व्हतं का न्हाई? कॉफीचा गुण हाय ह्यो. अम्मा, हिला आणखी एक पेला द्या."

अम्माने पेला भरला. साहेबरावाने तो दोन्ही हातांत धरून बहिणीपुढे केला.

चतुराबाईने मान वर केली नाही. हात फिरतच होता, आणि तिसरी ओवी ओठांपर्यंत आली होती.

"ती तू पी," ती म्हणाली. "मला दळू दे."