सदाशिवरावांची दाढ

“मॅडम, दिवा अजून धरू काय?” मदतनीस कौसल्यानं विचारलं.

“नको, बस्स,” डॉक्टर सुचित्रा म्हणाली.

खुर्चीत सदाशिवराव आ वासून पडले होते. आर्णीच्या जिनिंग कारखान्यावर कापूस पारखणारा हा माणूस. सरकी दाढेखाली धरायची; कट्ट वाजली तर कापूस सुका, नाही वाजली तर ओला, गाडी परत! चावण्याजोगी दाढ एकच उरली होती, तीही किडलेली. ती वाचवायचा सुचित्रानं चंगच बांधला होता. दाढेत घातलेल्या नव्या भरणातून फ्लोराइड झिरपतं आणि कीड परतत नाही. निळ्या दिव्याखाली भरण कडक होतं; ते कमी वाळवलं तर फ्लोराइड जास्त सुटतं, असं तिनं नुकतंच वाचलं होतं. म्हणून दिवा अर्ध्यातच थांबवला. मोठी हुशारी केली, असं वाटलं तिला.

“काही दिवस कडक खाऊ नका,” तिनं बजावलं.

“छे, छे! वरन-भातच खाईन,” सदाशिवराव म्हणाले. सरकी काय खाण्यात मोडते थोडीच!

ते गेल्यावर कौसल्यानं घरच्या कापसाची गाडी जिनिंगवर न्यायला सुट्टी मागितली. त्या वर्षी कापसाला आधीच कुणी विचारत नव्हतं, पण तिचा माल पहिल्या वेचणीचा, सगळ्यांत चांगला होता. “गाडी इकली का निकिताले नर्सिंगले टाकतो, मॅडम. खरी नर्स होईन पोरगी. माह्यासारखी दिवा धरत नाही बसाची.” बोलताना ती केवढी खुलली होती!

तीन दिवसांनी सदाशिवराव पडल्या चेहऱ्यानं आले.

“फुटाना चावला, तोबी वाजला नाही. तवा ध्यानात आलं मॅडम, दाढच नरम हाय. अन् मी त्या दाढेवर एक गाडी ओली म्हनून परत धाडली. बाई शपथा घेऊन राह्यली होती. मले वाटलं, ओळखीचा फायदा घेते. वाटेतच व्यापाऱ्यानं मातीमोल घेतला तिचा कापूस.”

सुचित्रानं विचारलं, “कोणाची गाडी?”

“तुमच्याच कौसल्याची.”

दार वाजलं. कौसल्या आत आली. सदाशिवरावांकडे तिनं पाहिलंसुद्धा नाही. हात धुतले आणि दिवा उचलला.

“मॅडम,” ती म्हणाली, “निकितालेबी हा दिवा धराचं शिकवा. नर्सिंग तं राह्यलं आता.”