हिरोच्या मागची खुर्ची

साताऱ्यापासून सांगलीपर्यंत सिनेमा कळणारा माणूस एकच, तो म्हणजे रहिमतपूरचे नानासो. अडचण एवढीच, की सुरुवातीची नावं संपायच्या आत त्यांना खुर्चीतच झोप लागायची. तरी जाग आली की ते तासगावच्या आण्णाला फोन करायचे, "लय भारी हाय, चुकवू नको." आण्णा आणि त्याची बहीण आक्काताई तो सिनेमा लगेच लावायचे.

एकदा आण्णा म्हणाला, "पिक्चर झकास. पर तुमी त्यात कवा काम केलं? हिरोच्या मागं खुर्चीत घोरताय."

नानासो हसले.

पुढच्या सिनेमानंतर आण्णाचा आवाज उतरला होता. "आवं, परत तुमीच. कोपराला ठिगळ लावलेला तुमचाच स्वेटर. पर या खेपंला घोरत न्हाई. छातीबी हलत न्हाई."

तिसरा सिनेमा नानासोंनी भर दुपारी, स्वतःला चिमटे काढत पाहिला. हिरोच्या मागे खुर्ची होती, पण रिकामी. त्यांचा जीव भांड्यात पडला. लगेच फोन लावला. "खुर्ची रिकामी हाय रं गड्या!"

"व्हय, आमीबी त्योच बघतोय," आण्णा हळू आवाजात म्हणाला. "तुमी उठून आमच्या टीव्हीफुडं उभं ऱ्हायलाय."

नानासोंनी आपल्या खुर्चीचे हात घट्ट धरले.

"नाना, जरा बाजूला सरका की. आक्काताईला दिसंना."