सर्वानुमते

समितीच्या बैठकीच्या इतिवृत्ताच्या दुसऱ्या पानावरचा तो शब्द गायधनीबाईंनी दोनदा वाचला. विद्यापीठाच्या अधिसभेत यापुढे निवडून आलेले सदस्य नकोत, सगळे कुलगुरूंनीच नेमावेत, ही कायद्यातल्या सुधारणेची शिफारस 'सर्वानुमते' मंजूर झाल्याचं लिहिलं होतं.

"मी विरोध केला होता, सर. चांगली पंधरा मिनिटं बोलले होते."

"छान बोललात," कुलगुरू म्हणाले. "पण एकमत दिसलं की शासनाकडे काम लवकर मार्गी लागतं. बरं, तुमच्या त्या विद्यार्थिनीच्या, तडवीच्या प्रबंधाला अजून परीक्षक नाहीत ना? आठ महिने झाले बिचारीला. आजच नेमून टाकू."

रेश्मा तडवी. तिच्या पाड्यावरची पहिली पदवीधर. प्राध्यापकाच्या जागेसाठी अर्ज करायला तिच्या हातात दोनच महिने उरले होते. बाईंनी पेन उघडलं आणि सदस्यांच्या रकान्यात सही केली.

सहा आठवड्यांनी रेश्मा डॉक्टर झाली. त्याच संध्याकाळी ती बाईंच्या पाया पडायला घरी आली.

"मॅडम, त्या शिफारशीविरुद्ध आम्ही विद्यार्थी कोर्टात जातोय. तुम्ही एकट्या विरोधात बोललात, हे मी वकिलांना सांगितलंय. ते म्हणाले, इतिवृत्तात तेवढी नोंद असली तरी पुरे."

"तशी नोंद नाही," बाई म्हणाल्या. "आणि खाली माझी सही आहे."

रेश्माने एवढंच विचारलं, "का, मॅडम?"

ते मात्र बाईंनी तिला कधीच सांगितलं नाही.